पेळूपासून पिशवीपर्यंत: हाताने कातलेल्या सुताचं क्रोशे

हाताने कातलेल्या सुताचं माझं पहिलं क्रोशे म्हणजे एक चौकोनी रुमाल होता, म्हणजे चौकोनी व्हायला हवा होता. वीस ओळी झाल्यावर टेबलावर पसरला तर चौकोनाचा पतंग झालेला, एक कोपरा वर सरकलेला, एक खाली. टाके तीनदा मोजले, प्रत्येक ओळीत बरोब्बर तीस. मोजणीत काहीच चूक नव्हती, चूक सुतात होती. सूत होतं एकेरी, पीळ नुसता फुरफुरत होता आणि तो प्रत्येक टाक्याला एकाच बाजूला ढकलत होता. वर ते सूत मी आधी धुतलंही नव्हतं, त्यामुळे पहिल्याच धुण्यात पतंग आटून आणखी लहान झाला. आता तो ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून असतो आणि तिथे बराच शोभतो.

तर खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं त्या पतंगाने शिकवलेलं आहे. मुख्यतः कापसाबद्दल लिहिणार आहे कारण आपल्याकडे हाताने कातलेलं म्हटलं की आधी तेच हाताशी येतं, लोकरीचं शेवटी थोडं.

विणकराचं सूत आपल्याला चालत नाही

मला कातायला शिकवलं वर्ध्याकडच्या एका काकूंनी. त्यांच्याकडची बारीक सुताची एक सुंदर गुंडी मी क्रोशासाठी मागितली तर म्हणाल्या, "अगं हे मागावर जायचं सूत आहे, याला तू आकड्याने ओढणार का?" तेव्हा राग आला होता, पण बाई बरोबर होत्या.

मागावर सूत ताणून धरलेलं असतं, खळ लावलेली असते, आडवं-उभं एकमेकांना धरून ठेवतं, म्हणून तिथे एकेरी बारीक सूत चालतं. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं ना, त्यातली अट होती आठ तासांत १६,००० फूट सूत, आणि तेही १२ ते २० नंबरचं. ते सगळं कापड विणायच्या हिशोबाने. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. क्रोशात मात्र प्रत्येक टाक्याला सुताची ओढाताण होते, सुई, म्हणजे क्रोशाचा आकडा, त्यातून घासत जाते, एकच टाका चार वेळा उसवला जातो, आणि वर ताणून धरायला माग नाही. म्हणून आपल्याला हवं जाडसर, ८ नंबरच्या आसपासचं सूत, पीळ नेहमीपेक्षा थोडा जास्त, आणि दोन किंवा चार पदर एकत्र वळलेले. एवढं एक लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

कापूस आणि पेळू

शेतातला कापूस असेल तर सरकी काढा, पिंजा आणि मग पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या कातायच्या वळ्या, करा. हे घरी करता येतं पण पहिल्यांदा करू नका, खरंच सांगते, आठवडा जातो आणि घरभर कापूस होतो, मग कातायचा उत्साहच राहत नाही. सरळ तयार पेळू घ्या, खादीची कामं जिथे चालतात तिथे मिळतात. पेळू घेताना एकच बघा, टोकाला दोन बोटांनी हलकं ओढलं तर तंतू सुळसुळ निघायला हवेत. अडकून गठ्ठ्याने येत असतील तर पेळू दाबला गेलाय किंवा जुना आहे, दोन तास उन्हात ठेवून बघा, बऱ्याचदा फुलतो.

देशी कापूस मिळाला तर आणखी मजा. आखूड धाग्याचा, जरा राठ, कच्छचा काला कॉटन त्यातलाच. आखूड असल्याने त्याला पीळ जास्त द्यावा लागतो आणि फार बारीक कातताही येत नाही, विणकराला अडचण पण आपल्याला नेमकं तेच हवंय.

कातताना

पेटी चरखा असेल तर उत्तम, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर डोकं चालवलं तोच तो, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. नसेल तर टकळी, म्हणजे चुटकीने फिरवायची चकती लावलेली काडी. टकळीला हळू म्हणतात पण क्रोशापुरतं सूत टकळीवर सहज होतं, आणि जाड सुतासाठी मला तीच बरी वाटते.

हात कसा चालवायचा ते वाचून येणार नाही, कुणाच्या तरी शेजारी बसून बघा. क्रोशाच्या दृष्टीने तीन गोष्टी सांगते.

पहिली जाडी. शंभर मीटर एकेरी सूत मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, ७ ते ८ ग्रॅम भरलं पाहिजे. १० च्या वर गेलं तर फार जाड, ५ च्या खाली गेलं तर आपण विणकरासाठी कातायला लागलोय.

दुसरी पीळ. चातीवरून, म्हणजे सूत गुंडाळलं जातं त्या काट्यावरून, हातभर सूत सोडवा आणि दोन टोकं जवळ आणा. मधला भाग स्वतःभोवती गुंडाळून घट्ट दुहेरी झाला पाहिजे. नुसता लोंबकळला तर पीळ कमी आहे, तो पुढे सुईत तुटणार. आणि घट्ट होऊन जागोजागी गाठीसारख्या कुरळ्या पडत असतील तर अती झालं.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, दोन वर्षं कळलंही नाही. पिळाची दिशा. सूत उभं धरून बघा, त्यावरच्या तिरक्या रेघा इंग्रजी झेडच्या मधल्या दांडीसारख्या असतील किंवा एसच्या. साधारण पद्धत अशी की एकेरी सूत झेड पिळाचं कातायचं आणि पदर एकत्र वळताना उलट, म्हणजे एस. बाजारातली बहुतेक लोकर अशीच असते. पण उजव्या हाताने क्रोशे करताना दर टाक्याला सुईभोवती दोरा ज्या बाजूने फिरतो त्याने हा एस पीळ थोडा थोडा उलगडत जातो, आणि पन्नास ओळींनंतर तुमचं चौपदरी सूत चार सुटी सुतं होऊन सुईला चकवायला लागतं. क्रोशाचे खास दोरे बरेचदा उलट, झेड पिळात वळलेले असतात ते याचसाठी. आपण हाताने कातणाऱ्यांना ही सोय फुकट आहे: एकेरी एस कातायचं, पदर झेडमध्ये वळायचे. टकळीला फक्त चुटकी उलट द्यायची. पेटी चरख्याचं चाक उलटं फिरवावं लागतं, सवय असेल तर पहिला अर्धा तास हात ऐकत नाहीत, नंतर ऐकतात. डावखुऱ्यांनी यातलं काही करू नये, त्यांना नेहमीचं सूतच बरं पडतं.

पदर वळणं

कातलेलं एकेरी सूत लगेच वळायला घेऊ नका, दोन-तीन दिवस चातीवर किंवा रिळावर तसंच राहू द्या, पीळ जरा शांत होतो आणि गुंता कमी होतो. मग चार छोटे गुंडे करा आणि चार वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. एकाच भांड्यात ठेवलेत तर चौघं आत भांडतात आणि तुम्ही बाहेर.

चारही टोकं एकत्र धरून मोठ्या टकळीवर कातलेल्या दिशेच्या उलट फिरवा. चारही सुतांवर ताण सारखा हवा, एक सैल राहिलं की ते बाकीच्यांभोवती स्प्रिंगसारखं चढतं आणि तिथे सुई अडकते, म्हणून मी चार बोटांच्या फटींतून एकेक सूत घेते. किती वळायचं? वीतभर सोडवून झोपाळ्यासारखं लोंबू द्या. सरळ यू सारखं राहिलं तर पीळ समतोल आहे. क्रोशासाठी मी त्याहून किंचित जास्त देते, म्हणजे झोपाळा अर्धी गिरकी घेतो एवढा.

दुपदरीसुद्धा चालतं, कमी मेहनत. पण दुपदरी सूत चपटं पडतं आणि टाके जरा दाणेदार दिसतात, चौपदरी गोल असतं आणि खांब (उंच टाके, डबल क्रोशे) उठून दिसतात. रुमालाला दुपदरी, पिशवीला चौपदरी असं माझं गणित.

वळून झालं की फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, गुंडाळून लड करा. फाळका नसेल तर खुर्ची उलटी करून तिच्या पायांवर. लड चार ठिकाणी बांधायची, आणि नुसती बाहेरून गाठ नाही तर आठाच्या आकड्यासारखा दोरा मधून घालून, सैल. हे टाळलंत तर पुढच्या पायरीत जो गुंता होईल तो सोडवायला शेजारीण बोलवावी लागेल.

उकळणं टाळू नका

कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. कातलेल्या सुताची लड बादलीत टाकून बघा, लाकडासारखी तरंगते, पाणी पीतच नाही. म्हणून उकळायचं. शंभर ग्रॅम सुताला तीन लिटर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा, थोडा साबणाचा कीस. भांडं स्टीलचंच, सोड्याने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. लड आधी गरम पाण्यात भिजवा, मग मंद आचेवर तास-दीड तास. पाणी चहासारखं होतं, पहिल्यांदा बघितलं तर वाटतं इतकं पांढरं सूत आणि हा रंग आला कुठून. ते पाणी ओतून स्वच्छ पाण्यात तीन-चारदा खळबळून काढा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सूत उकळलं की पीळ आणखी पक्का बसतो. वाळल्यावर लड हातात घ्या, आधीची फुरफुर गेलेली असते. शिवाय जे आटायचं ते इथेच आटून घेतं, वस्तू झाल्यावर नाही. वाळत घालताना खाली हलकंसं वजन लावा, ओला पंचा टांगला तरी पुरे. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर आत गेला तर काम झालं, वर मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

रंगवायचं असेल तर आत्ताच, लडीतच. कापूस नैसर्गिक रंग सहज धरत नाही, आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात आणि मग रंगात. डाळिंबाच्या सालीने मोहरीसारखा पिवळा येतो. त्यात लोखंडाचं गंजलेलं पाणी पडलं की राखाडी होतो, आमच्याकडे एकदा जुन्या पळीमुळे हे चुकून झालं आणि तोच रंग सगळ्यांना आवडला.

सुई कुठली

कातलेल्या सुतावर लेबल नसतं, त्यामुळे जाडी आपणच मोजायची. पट्टीवर एक इंच जागेत सूत शेजारी शेजारी गुंडाळा, ओढून नाही, नुसतं टेकवून, आणि वेढे मोजा. लडीत तीन-चार वेगळ्या जागी मोजा कारण हाताचं सूत सगळीकडे सारखं नसतं. इंचात १६ ते २० वेढे बसले तर २.५ ते ३ एमएमची सुई, १२ ते १४ बसले तर ३.५ ते ४, आणि ९-१० वेढ्यांना ५. वर सांगितलेलं चौपदरी सूत साधारण पहिल्या गटात येतं. शंका असली तर मोठी सुई घ्या. कापसाला लोकरीसारखी लवचीकता नाही, घट्ट विणलं तर पुठ्ठा होतो आणि मनगट दुखतं ते वेगळं.

सुई गुळगुळीत धातूची आणि टोकाला गोलसर बघा. टोकदार सुई पदरांच्या मध्ये घुसते.

मग एक नमुना करा, २४ साखळ्या घालून १५ ओळी मुके खांब (आखूड टाके, सिंगल क्रोशे). कंटाळवाणं आहे, माहितीये. पण तो मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. तिरका झाला तर पीळ समतोल नाही, लड परत भिजवून वजन लावून वाळवा, थोडाफार फरक पडतो. लहान झाला तर उकळणं कमी पडलं. आणि नमुना उसवूनही बघा, हाताच्या सुताचे तंतू एकमेकांना धरतात, उसवताना सावकाश, रागाने ओढलं की तुटतं.

डिझाईनबद्दल एक मत, पटलं तर घ्या. हाताच्या सुतावर नाजूक लेस, अननस वगैरे करत बसू नका. आमच्या लहानपणी टीव्हीवर, फ्रिजवर, रेडिओवर जे पांढरेशुभ्र क्रोशाचे रुमाल असायचे ते गिरणीच्या एकसारख्या दोऱ्यामुळे तसे दिसायचे. इथे सूत कुठे जाड कुठे बारीक, त्यावर गुंतागुंतीची नक्षी टाकली की दोघंही दिसत नाहीत. साखळी, मुका खांब, खांब, जाळी, बस्स. आणि दोन लडी असतील तर दोन-दोन ओळी आलटून पालटून करा म्हणजे जाडीतला फरक एका जागी साठत नाही.

जाळीची पिशवी

बाजाराची छोटी पिशवी. चौपदरी सूत ४० ग्रॅम ठेवा, प्रत्यक्षात ३० च्या आसपास लागेल, उरलेलं नमुन्यात जातं. म्हणजे एकेरी सूत पाचशे-साडेपाचशे मीटर. जुन्या मापाने गुंडी ६४० तारांची, तार चार फुटांची, तेव्हा एक गुंडी साधारण ७८० मीटर, म्हणजे आपलं काम पाऊण गुंडीच्या आतच होतं. सुई ३ एमएम.

तळापासून सुरुवात. ५ साखळ्या घालून गोल जोडा. मॅजिक रिंग (ओढून आवळायचा सुताचा फास) करू नका, हाताचं सूत खरबरीत असल्याने ती ओढताना अडते आणि नेमकी तिथेच तुटते. पहिला फेरा १२ खांब, म्हणजे सुरुवातीच्या ३ साखळ्या एक खांब धरून आणखी ११. दुसऱ्यात प्रत्येकात दोन, २४. तिसऱ्यात एकात एक, पुढच्यात दोन, असं करत ३६. चौथ्यात दोघांत एकेक, पुढच्यात दोन, असं करत ४८. पाचवा तसाच वाढवत ६०. तळ सपाट बसायला हवा. वाटीसारखा वर येत असेल तर हात घट्ट आहे, सुई बदला. झालरीसारखा लाटा मारत असेल तर एखाद्या फेऱ्यात खांब जास्त झालेत.

आता जाळी. ५ साखळ्या, मधले दोन खांब सोडून तिसऱ्यात मुका खांब, असं गोल फिरत २० कमानी. पुढच्या फेऱ्यापासून ५ साखळ्या आणि खालच्या कमानीच्या मधोमध मुका खांब. फेरा जोडत बसू नका, गोल गोल चढत जा, सुरुवातीला एक रंगीत दोरा अडकवून ठेवा म्हणजे फेरा कुठे संपला कळेल. असे १८ फेरे. जाळी करताना साखळी नेहमीपेक्षा सैल ठेवा, भाजी भरल्यावर ताण तिच्यावरच येतो.

मग काठ. प्रत्येक कमानीत ३ मुके खांब, एकूण ६०, आणि त्यावर आणखी दोन फेरे मुक्या खांबांचेच. पट्ट्यासाठी काठावरच ६ मुके खांब जाऊन-येऊन ४० सेंटीमीटर, आणि समोरच्या बाजूला शिवून टाका. मी पहिल्यांदा ६० केला होता, कापूस ताणला की परत येत नाही, पिशवी गुडघ्याला लागायची.

सूत मध्येच संपलं किंवा तुटलं तर गाठ मारू नका, जाळीत गाठ दिसते आणि सुटतेही. दोन्ही टोकं वीतभर ठेवून पुढच्या मुक्या खांबांच्या आत दाबत जा. जोड शक्यतो तळात किंवा काठात आणा, कमानीत नको. एखादी जागा फारच बारीक लागली, हाताला कळतंच, तर ती तिथेच कापून नवीन सुरू करा. मी एकदा "जाऊ दे, चालेल" म्हणून पुढे गेले आणि मंडईतून येताना बटाटे जिन्यावरून खाली गेले, एकेक करून.

पिशवी धुवायला काही नियम नाहीत, कापूस ओला असताना उलट जास्त मजबूत असतो. साबण लावा, घासा, सपाट वाळवा. टांगून वाळवली की लांबते.

लोकर असेल तर

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर म्हणजे घोंगडीची लोकर. राठ, काळी-करडी, अंगाला टोचणारी. तिचा स्कार्फ करायच्या भानगडीत पडू नका, पण आसन, पायपुसणं, गरम भांड्याखालची चकती यांना तिच्यासारखं काही नाही. दुपदरी जाड वळा, ६-७ एमएमची सुई, मुके खांब.

कापसाचे नियम इथे उलटे होतात. उकळायचं नाही, कोमट पाण्यात रिठा घालून नुसतं बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही, गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकायचं नाही, नाहीतर तंतू एकमेकांत अडकून नमदा, म्हणजे घट्ट जाड थर, होतो. ओली लोकर कमजोर असते, त्यामुळे उचलताना खालून हाताचा आधार द्या. पण याच अडकण्याचा एक फायदा: दोन टोकं जोडायची असतील तर दोन्ही जरा उकलून, ओली करून तळहातांत जोरात चोळा, एकजीव होतात, गाठ नको आणि टोकं लपवणं नको.

माझं आसन चार वर्षांचं झालंय, झिजलेलं नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याला अजून मेंढीचा वास येतो, आणि तेव्हा त्यावर बसायला घरात फक्त मांजर तयार असतं.